मल्लूच्या दगडावर काय लिहायचं

सकाळी मी भाकरी थापत होते तर सून बोलून गेली, "विष्णुपुरीला आजपासून दगडावर अक्षरं पाडून राहिलेत म्हणं."

"काय अक्षरं?"

"शहीद मल्लिकार्जुन."

भाकरी तव्यावर तशीच सोडली, पिशवी उचलली अन् निघाले.

मल्लू माझा नातू. फौजेत होता. रक्ताचा आजार झाला, फौजेनं घरी पाठवला, खाटेला खिळला अन् तिशीच्या आत गेला. आमच्यात पुरतात. शेतातल्या समाधीवर दगड बसवायचा होता. माझ्या पोरानं, मल्लूच्या बापानं, शिवलिंगनं पाथरवटाला काम दिलं, पण काय लिहायचं ते मला विचारलं नाही.

कुणाला या रस्त्यानं जायचं असेल तर ऐका. अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी धरा. बायांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडली की फुकट. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. सकाळी उजवीकडं बसू नका, ऊन तोंडावर येतं. विष्णुपुरी नांदेडच्या अलीकडंच लागते, तिथंच उतरा. शहरात जाऊन मागं आलात तर ऑटोवाला लुटतो.

रस्ता आता गुळगुळीत झालाय, तरी मला गाडी रांगल्यासारखी वाटत होती. एक अक्षर पाडायला किती वेळ लागतो, हेच डोक्यात. लोह्याला कंडक्टर चहाला उतरला तो उतरलाच. भजी गरम होती, ती तशीच कागदात गुंडाळून ठेवली. खिडकीतून ओरडले, "बाबा, चहा पिऊन राहिलास का पिकवून राहिलास?"

"मावशी, लई घाई! लग्न हाय का?"

"दगड हाय."

"मंग दगड कुठं पळून चाललाय?"

सगळी गाडी हसली. मला हसू आलं नाही.

मल्लू खाटेवर होता तेव्हा गावातले चार जण हार घेऊन आले होते. घोषणा पण दिल्या. तो उशीला टेकून म्हणाला, "आज्जे, ह्यांना सांग, मी आजारी हाय. हार मेल्यावर आना." तेव्हा शिवलिंग त्याच्यावरच चिडला होता.

धरणाच्या वाटेला पाथरवटाचं पत्र्याचं शेड आहे. पोचले तर 'शही' एवढं पाडून झालेलं. मी छिन्नीवर हात ठेवला.

"माय, बोट जाईल की!" पाथरवट ओरडला. सगळं सांगितलं, तर म्हणतो, "शहीद लिहिलं की येणारा-जाणारा हात जोडतो."

"अन् आजारानं मेला तर काय लाथ मारतो?"

त्यानं शिवलिंगला फोन लावून दिला. शिवलिंग म्हणाला, "माय, फौजी खाटेवर मेला म्हणलं तर लोकं काय म्हणतील?"

"तो खाटेवरच मेला. तू उशाला होतास, मी पायथ्याला. तिथं कंची सरहद्द होती रे?"

मग म्हणाला, "कर तुला काय करायचं ते," अन् फोन ठेवला.

पाथरवटानं दगड उलटा केला. म्हणाला, "सांगा." मी सांगितलं: मल्लिकार्जुन. फौजी. आजारानं गेला. शेवटचा काना पडेपर्यंत तिथून हलले नाही. तिसरी शिकले असले तरी तेवढं वाचता येतं.

दगड बसला. शिवलिंग माझ्याशी तुटक बोलतो, जेवायला पाठ करून बसतो. सरपंच येऊन तोंड वाकडं करून गेले. मीही अजून एका जागी टिकत नाही. बसले की उठावंसं वाटतं.

परवा शेजारची गंगाबाई शेतातून आली ती थेट ओट्यावर बसली. म्हणाली, "वाचलं. कंचा आजार होता वं? सुरू कसा झाला?"

मल्लू गेल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं. शहिदाला कोण आजार विचारतो?

तो पहिला ताप त्यानं साधाच म्हणून कसा लपवला, तिथून सुरुवात केली. आत शिवलिंग जेवत होता. चावायचा आवाज थांबला. मग तो ताट घेऊन बाहेर आला अन् म्हणाला, "माय, ताप नव्हता आधी. आधी हिरड्यातून रक्त आलतं."

"मंग तू सांग," मी म्हणाले, अन् सरकून त्याला जागा केली.