दहा सेकंद मागे

मुलगी मालिकेत दिसणार हे कळल्यावर मी सगळ्यात आधी सतरंज्या धुवायला टाकल्या.

सेलूच्या आमच्या गल्लीत कुणाच्या घरचं माणूस टीव्हीवर येणार असलं की सगळ्यांनी त्याच्या दारात जमून बघायचं, असा एक कायदा माझ्या डोक्यात होता. गल्लीत एकच टीव्ही होता तेव्हाचा तो कायदा. मी जनावरांची सरकीपेंड विकणारा माणूस. जग बदललं की ते मला ढेपीच्या भावातून कळतं, बाकीच्या बातम्या फार उशिरा पोचतात. तेव्हा मी गल्लीच्या ग्रुपवर रीतसर आमंत्रण टाकलं, की शनिवारी संध्याकाळी ठीक सात वाजता आमच्या ओट्यावर सहकुटुंब यावे, चहा-चिवड्याची सोय केली आहे.

लगेच मुलीचा मुंबईहून फोन. "पप्पा, सात वाजता काय आहे?"

"तुझी मालिका."

"अहो, ती सात वाजता लागत नसते. शुक्रवारीच सगळे भाग एकदम येतात. ज्याला पाहिजे तेव्हा तो बघतो."

"म्हणजे लग्न लागून गेलेलं, ज्यानं त्यानं आपल्या सवडीनं येऊन अक्षता टाकाव्यात, असं?"

"तसंच समजा."

मी तसं समजलो नाही. उलट मनात म्हटलं, लोकांना एवढी रीत कळतेच. आमच्या ओट्याआधी कोण कशाला बघेल? मी स्वतःही शुक्रवारी बघितली नाही. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी जेवतं का?

शनिवारी सकाळच्या गाडीनं मुलगी आली. दुपारी मी दुकानात एकटा असताना ती पोत्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, पहिल्या भागात शेवटी माझा एक सीन आहे."

मी हातातलं माप खाली ठेवलं. "तसला?"

"तसला नाही."

"मग घाबरवतेस कशाला?"

"त्याहून अवघड आहे. मी ढाबा चालवणारी बाई आहे ना, ती पोलिसाला धमकी देते. देताना नळी ओढते."

"कसली नळी?"

"मटणाची."

मी आधी दुकानाबाहेर बघितलं. आम्ही लिंगायत, घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग. मटण हा शब्दसुद्धा आमच्या घरात कुणी मोठ्यानं म्हणत नाही. ज्याला म्हणायचाच आहे तो 'तसलं' म्हणतो. आणि घरात अप्पा. माझे वडील, वय ऐंशीच्या पुढं. रोज तळहातावर लिंग घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. ही पोरगी लहान होती तेव्हापासून घरी असली की त्यांच्या पूजेचं ताट तीच मांडते. विभूती, बेल, पाण्याचा तांब्या. सुनेनं मांडलं तर चालतं, मी मांडलं तर काहीतरी राहतंच, पण नातीनं मांडलं की अप्पांचा आवाज मऊ होतो. नातीनं हातानं तसलं खाल्लेलं त्यांनी बघितलं, तर त्या हाताचं ताट ते परत घेतील का, हे मला विचारायचीही हिंमत नव्हती.

"खोटं असेल ना गं? सोयाबीनची वडी वगैरे?"

"आधी वडीच होती. पण दिग्दर्शक म्हणाले चालणार नाही. आता लोक थांबवून बघतात, बोटांनी मोठं करून बघतात. वडी आहे हे कळलं की खाली तेच लिहितात. म्हणून मग खरंच आणलं."

"आणि जाहिरातीत परभणीकडचं गाव म्हणून मागं डोंगर दाखवलाय, त्याला कुणी बोट लावून बघितलं नाही का?"

"शूटिंग वाईला होतं, पप्पा. विषय बदलू नका. कट म्हटलं की मी बादलीत थुंकायचे. बादलीच ठेवली होती त्यासाठी."

"अप्पांना सांगू नकोस."

"मी खोटं बोलणार नाही."

"खोटं बोल म्हणतो का मी? बोलूच नकोस म्हणतो."

आमंत्रण मागं घ्यायची वेळ गेली होती. चिवडा झाला होता. शेवटी मीच शक्कल काढली. रिमोट माझ्या हातात ठेवायचा. मुलीनं मला बटणं शिकवली, उजवीकडचं दाबलं की दहा सेकंद पुढं, डावीकडचं दाबलं की दहा सेकंद मागं. पोलीस ढाब्यावर येऊन बसला की उजवीकडचं चार-पाच वेळा दाबायचं, की सीन संपला. संध्याकाळपर्यंत मी गिऱ्हाइकाला पेंड देतानाही मनातल्या मनात उजवं-उजवं-उजवं करत होतो.

सातला टीव्ही खिडकीत, तोंड ओट्याकडं. अप्पांची खुर्ची पुढं, मधोमध. त्यांच्या मागं मी. मुलगी आत उंबऱ्याशी, आईच्या पाठीमागं. गल्ली वेळेवर आली, हे पाहून मला बरं वाटलं. आडतवाले शेजारी पाठीवर थाप मारून म्हणाले, "मालक, लेकीनं नाव काढलं हो!" मी म्हटलं, "आधी बघा तर." ते म्हणाले, "हां हां, बघायचंच की," आणि दुसरीकडं बघायला लागले.

भाग सुरू झाला. मला काहीतरी चमत्कारिक वाटायला लागलं. विनोद व्हायच्या आधीच दोघं-तिघं हसत होते. समोरच्या काकूंनी तर एक वाक्य पडद्यावरच्या बाईच्या आधी म्हणून टाकलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, हुशार बाई, अंदाज बांधला असेल. तेवढा विचार करायलाही मला सवड नव्हती. माझा अंगठा बटणावर होता आणि अंगठ्याला घाम आला होता.

पडद्यावर ढाबा दिसला. ताट अजून आलंही नव्हतं, नुसता ढाबा. आणि माझा ओटा हलला.

"जरा पाणी पिऊन येतो," म्हणून आडतवाले उठले. काकूंना गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. आणखी एकाचा फोन वाजला, म्हणजे वाजला नाही, त्यानं नुसताच कानाला लावला. खाली बसलेल्या बायका एकदम सतरंजीवरचा चिवडा वेचायला लागल्या. डोळे वर असलेली दोनच माणसं राहिली. मी आणि अप्पा.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. या सगळ्यांनी बघितलंय. कालच, आपापल्या मोबाईलवर, आपापल्या पांघरुणात. पुढं काय येणार हे इथं प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि अप्पांसमोर आपण ते बघितलं असं व्हायला नको म्हणून हे सगळे भले लोक पळत होते. मी उंबऱ्याकडं बघितलं. बायको भिंतीकडं बघत होती. म्हणजे हिनंसुद्धा!

पोलीस बसला. ताट आलं. माझ्या लेकीनं नळी उचलली.

मी दाबलं. पडद्यावर चकती फिरली, थांबली, आणि पोलीस परत येऊन बसला. परत ताट आलं. परत नळी.

"उजवं, पप्पा!" मुलगी दबक्या आवाजात म्हणाली.

मी उजवंच दाबत होतो. फक्त रिमोट हातात उलटा होता. पोलीस तिसऱ्यांदा आला. या वेळी तर नळी ओढल्याचा आवाजही ओट्यावर घुमला, कारण बाकी सगळीकडं चिडीचूप होतं. मी शेवटी लाल बटण दाबून टीव्हीच बंद केला.

अप्पांनी मान न वळवता हाक मारली, "इकडं ये गं."

मुलगी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. मी मधे तोंड घातलं, "अप्पा, ते सोयाबीनची..."

"तुला इचारलं का मी?" मग तिला, "खरं व्हतं?"

"खरं होतं, अप्पा."

"खाल्लंस?"

"थुंकत होते. बादली ठेवली होती."

"समदं?"

मुलीनं खाली बघितलं. मला वाटलं, बाई, आता तरी गप्प बस. "एकदा गिळलं गेलं. वाक्य मोठं होतं, तोंडात ठेवून बोलता येईना."

चिवडा वेचणारे हात थांबले. अप्पांचा हात छातीवरच्या लिंगावर गेला. मला तर तेवढ्यात लेक कायमची मुंबईचीच झालेली दिसली.

"कसं लागलं?" अप्पांनी विचारलं.

"मीठ नव्हतं."

अप्पांच्या मिशा किंचित हलल्या, की मलाच तसं वाटलं. "मी सकाळीच बघितलंय. मंदिराच्या पायरीवर. एकानं मोबाईल आणला अन् समद्यांनी टाळकी जवळ घेऊन बघितलं. माझ्याच्यानं दोन घटका उठवंना तिथून." मग जरा थांबून म्हणाले, "म्या बघायलो होतो, घरचे लपवत्यात का सांगत्यात."

आता माझी मान सतरंजीकडं. सतरंजी खरंच स्वच्छ धुतली होती.

"उद्याची पूजा माझी मी मांडीन," अप्पा उठत म्हणाले. "सोमवारी माझ्यासंगं उपास धर. सांजच्याला ताट तू मांड."

मुलीनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण सुटल्याचं. मला वाटलं, झालं एकदाचं.

"आन तूबी धर," ते मला म्हणाले.

"मी काय खाल्लं, अप्पा?"

"तिनं एकदा खाल्लं. तू तीनदा खाऊ घातलंस."

ओटा इतका हसला, की दूध बघायला गेलेल्या काकू धावत परत आल्या.

रविवारी अप्पांनी स्वतः ताट मांडलं. मुलगी दारातून बघत राहिली. बेलाची पानं ते चाचपडत शोधत होते, पण तिला हाक मारली नाही. घरातला तो एक दिवस मला फार लांबलचक वाटला. तिनं परतीचं तिकीट मात्र मंगळवारचं केलं.

सोमवारी संध्याकाळी तिनं विभूती, बेल, तांब्या मांडला. अप्पांनी डावा तळहात पुढं केला, तिनं धार धरली. पूजा झाली, भाकरी आली. दिवसभराच्या भुकेनं माझं लक्ष, खरं सांगायचं तर, भाकरीवर जास्त होतं.

पहिला घास तोडून अप्पा थांबले. "फुडच्या भागात काय खातीस?"

"काही नाही, अप्पा. पुढच्या भागात मला गोळी लागते. मी मरते."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बायकोला अर्थातच ठाऊक होतं.

अप्पांनी हातातल्या घासाकडं बघितलं. तो तोंडात न घालता त्यांनी नातीपुढं धरला.

"मंग आधी खाऊन घे."