धाकट्या जावेचं पान

टायपिस्टबाईंचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. अर्जांपासून प्रबंधांपर्यंत सगळं टाइप करण्यात त्यांची हयात गेली. टाइपरायटर गेला, पण सवय गेली नाही: मोकळी जागा हवी की एंटर बडवायचं.

सासूबाई गेल्यावर घरच्यांच्या आठवणींची पुस्तिका काढायची ठरली. बाईंनी सगळ्यांचे मजकूर लावले आणि धाकट्या जावेच्या चार ओळी एंटर मारमारून शेवटच्या पानाच्या तळाशी नेऊन बसवल्या.

"आई, अंतर सेटिंगमधून दे ना. दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळं घसरेल," लेक म्हणाली.

"तू रांगत होतीस तेव्हापासून टाइप करतेय मी. मला अक्कल शिकवू नकोस!"

छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर अक्षरं जराशी मोठी झाली आणि व्हायचं तेच झालं. सगळं घर आधीच्या पानांवर गुण्यागोविंदानं नांदत राहिलं. जावेच्या चार ओळी तेवढ्या घसरून पुढच्या कोऱ्या पानावर एकट्या पडल्या. बाईंना हे कळलं तेव्हा पुस्तिका वाटून झाल्या होत्या.

धाकटी तेच पान उघडून समोर उभी राहिली. "सासूबाईंचं शेवटचं दुखणं मी काढलं, ताई. तरी इथंही मला वेगळं काढलंत?"

"अगं, मी कशाला काढीन! एंटर जास्त पडले, म्हणून तुझ्या ओळी खाली गेल्या." जन्मात पहिल्यांदाच बाई स्वतःच्या टायपिंगमधली चूक कबूल करत होत्या.

धाकटीनं पुस्तिका मिटली.

"आणि ते दाबले कोणी?"