विहारातले तीन कॉम्प्युटर

बीदरच्या एका संस्थेने आमच्या वस्तीला तीन जुने कॉम्प्युटर दिले, तेव्हा ते ठेवायचे कुठे यावरून बरीच बोलाचाली झाली. शेवटी विहारात ठेवले. विहाराला स्लॅब आहे, कुलूप आहे, आणि किल्ली अप्पांकडे असते. अप्पा म्हणजे माझे चुलत सासरे. विहाराची झाडलोट, दिवाबत्ती तेच बघतात. संस्थेच्या साहेबांनी जाताना एकच अट घातली. उन्हाळ्यात एकदा येऊन बघीन, बाया शिकत असतील तर मशिनी इथेच राहतील, नाहीतर हलवीन.

हलवून कुठे नेणार, हे सगळ्यांना माहीत होतं. गावातल्या पंचायतीच्या हॉलमध्ये. तिथे इन्व्हर्टर आहे, कूलर आहे. गावचे मेंबर पहिल्यापासून तेच म्हणत होते आणि त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण त्या हॉलच्या पायऱ्या मी कधी चढले नव्हते. काम पडलं तरी आमच्या बाया दाराबाहेर उभ्या राहूनच बोलतात. मशिनी तिकडे गेल्या असत्या तर आम्हाला कुणी अडवलं नसतं. आम्हीच गेलो नसतो. निदान मी तरी नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. माझी जाऊ म्हणते, "हिला जीभ हाय का न्हाई, मलाबी माहीत न्हाई." कॉम्प्युटरपुढे बोलावं लागत नाही, हे मला पहिल्याच दिवशी आवडलं. शिकवायला बीदरहून एक ताई बसने यायची. वयाने माझ्याहून लहान, कन्नड-मराठी मिसळून बोलायची, मला अक्का म्हणायची. तिने कळांवर मराठी अक्षरं चिकटवून दिली. ती नसेल त्या दिवशीही मी दुपारी खिडकीजवळच्या मशिनीवर बसायचे आणि एकेक अक्षर शोधून मनातलं लिहायचे.

साहेबांचं यायचं ठरलं ते नेमकं बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. पौर्णिमेला विहारात पाय ठेवायला जागा नसते. अप्पांनी टेबलं भिंतीला सरकवली. आम्ही बायांनी पडद्यांची बटणं दाबून कॉम्प्युटर बंद केले आणि लेकरांचे खिरीचे हात लागू नयेत म्हणून वरून खालपर्यंत पांढऱ्या चादरी दुहेरी करून घातल्या. घरचा टीव्ही आम्ही असाच बंद करतो. पडदा काळा झाला की बंद झाला. खालचा डबा, म्हणजे खरी मशिन, तरीही चालूच राहतो, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. ताई असली की शेवटी तीच सगळं बंद करून जायची. एरवी संध्याकाळी लाईट जायची आणि डबे आपोआप थांबायचे. त्या दिवशी मात्र सण म्हणून की काय, लाईट गेलीच नाही.

वंदना चालू असताना मला चादरीखालून घुंघुं ऐकू आलं. मी जावेला कोपराने ढोसलं. "आवाज कशाचा यायलाय?"

"पंख्याचा. गप बस."

सकाळी अप्पांनी चादरी काढल्या आणि हात झटकला. डबे भाकरीच्या तव्यासारखे तापले होते आणि आवाज बंद पडला होता. मी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला आणि विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिन्हींचं तसंच. साहेब थोड्या वेळात पोचणार होते. अप्पा भिंतीला टेकून खालीच बसले.

मी ताईला फोन लावला. तिची बस वाटेत बंद पडली होती. ती म्हणाली, "अक्का, आधी वायर काढा. बटण दाबू नका. तासभर तरी थंड होऊ द्या. मग बघू."

वायरी काढून वळते तोवर जाऊ दारातून आत आली. हातात पाणी गळणारं पोतं. विहिरीवरची मोटार तापली की आमच्याकडे ओलं पोतं टाकतात. सगळ्या शेतांत हेच चालतं. तिला वाटलं, मोटार काय नि हे काय, तापलेली मशिन ती मशिनच. ती थेट टेबलापाशी गेली आणि पोतं उचललं. मी तिचं मनगट धरलं आणि ओरडले, "टाकू नको."

विहारात इतक्या मोठ्यांदा मी कधी बोलले नव्हते. जाऊ पोतं धरून तशीच उभी राहिली. तिच्या पायाशी पाणी साचलं.

"कामून गं?"

"आत पानी गेलं तर जळंल."

"मग काय करावं? तोंडाकडं बघत बसावं?"

तीच घरी जाऊन दोन सुपं घेऊन आली. दोघी डब्यांना वारा घालत बसलो. अप्पा मधूनमधून डब्याला पालथा हात लावून बघायचे आणि मान हलवायचे. खांदे भरून आले तेव्हा बाहेर गाडी थांबली.

साहेब आत आले, मागून मेंबर. मेंबर दारातच थांबले आणि हसले. "काय हे? कंप्युटर पाखडायलात का?"

जावेला हसू आलं. मला नाही आलं.

झालं ते अप्पांनी सांगितलं, काही न लपवता. साहेबांनी डब्याला हात लावून बघितला. रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला. ते कन्नडमध्ये म्हणाले, "या खोलीत कार्यक्रम होतात, तर अशी झाकाझाक पुन्हा होणार. हॉलमध्ये ठेवलेलं बरं."

"तेच म्हनतो मी," मेंबर म्हणाले. "बायांनी यावं तिकडं. कोन नको म्हनतंय?"

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. "याल ना तुम्ही?"

दारात आणखी बाया जमल्या होत्या. कुणी वर बघेना. मोठ्या माणसाने विचारलं की आम्ही नाही म्हणत नाही. जाऊ म्हणाली, "येऊ की."

मला कळलं की आता ठरलं. टेम्पो येईल, मशिनी चढतील, आणि ज्या बायांनी हो म्हटलं त्यांतली एकही तिकडे जाणार नाही.

"मी न्हाई येनार," मी म्हणाले.

साहेबांना मराठी कळत होतं. "का?"

"तिथं बसवत न्हाई. इथं बसते. रोज बसते."

मेंबरचा चेहरा जरा उतरला. "कुनी काय बोललं का तुला तिथं?"

"न्हाई. कुनी न्हाई बोललं."

"मग?"

त्याचं उत्तर उभ्या उभ्या सांगता येण्यासारखं नव्हतं. मी सूप उचललं आणि पुन्हा वारा घालायला लागले. साहेबांनी मशिनींकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं, चालू करून दाखवा."

"आत्ता न्हाई. अजून गरम हाय."

"बघा," मेंबर साहेबांना म्हणाले.

"बसा तुमी," मी म्हणाले. "च्या घ्या."

जाऊ चहा घेऊन आली. साहेबांनी घेतला. मेंबर म्हणाले, आत्ताच घरून पिऊन आलो. ते खांबाला टेकून उभेच राहिले. साहेबांनी सावकाश चहा प्यायला, दोनदा घड्याळ बघितलं. मी सूप हलवत राहिले. अप्पांनी डब्याला हात लावला आणि या वेळी काढला नाही.

मी वायर लावली. मधल्या मशिनीचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. विझायची वाट बघत मी श्वास धरून उभी राहिले. पडद्यावर उजेड आला. मागे कुणीतरी "लागलं" म्हणालं. दाराकडची मशिनही चालू झाली. खिडकीजवळची झाली नाही. तिचा दिवासुद्धा लागला नाही. ती माझी होती. मी लिहिलेलं सगळं तिच्यातच होतं. पण तेव्हा ते बोलायची वेळ नव्हती.

साहेब म्हणाले, "काहीतरी लिहून दाखवा."

मी बसले. सगळ्यांसमोर अक्षरं दिसेनात. मग जावेचं नाव लिहिलं, कारण ती माझ्या खांद्यावर वाकून श्वास सोडत होती. ते वाचून ती म्हणाली, "ह्ये मीच की." त्याच्याखाली दारातल्या बायांची नावं लिहिली. साहेब उभे राहून वाचत होते. मेंबरनीही मान पुढे करून बघितलं.

दोन मशिनी राहिल्या. बंद पडलेली साहेबांनी गाडीत ठेवली. दुरुस्त झाली तर ती हॉलमध्ये द्यायची असं मेंबरशी बोलणं झालं. पाऊसकाळानंतर पुन्हा येऊन बघतो, असं साहेब अप्पांना दोनदा बजावून गेले. म्हणजे टांगती तलवार राहिलीच. गाडी वळली तेव्हा काचेतून डब्याचा कोपरा दिसला. मी तिथेच उभी राहिले. जाऊ म्हणाली, "चल, पोतं वाळत घालू."

ताई दुपारी पोचली, घामाने भिजलेली. तिने त्या दिवशी दुसरं काहीच शिकवलं नाही. कॉम्प्युटर बंद कसा करायचा, एवढंच. एकेकीला बसवलं, बंद करायला लावलं, पुन्हा चालू करून पुढचीला बसवलं. आवाज थांबेपर्यंत कुणाला उठू दिलं नाही. शेवटी तिने अप्पांनाही बसवलं. त्यांना त्या माऊसचा बाण काही केल्या जागेवर थांबेना. आम्ही सगळ्या त्यांच्या मागे उभ्या राहून आवाज थांबायची वाट बघत राहिलो.