दाजींनी हँडल ओढलं तेव्हा

माझे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचतात. एकदा दुकानात, एकदा घरी. मधल्या वाटेत ती बदलते की काय कोण जाणे! कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतात, आणि ताईने भाजीत मीठ घातलंय म्हणून सांगितलं तरी "नक्की?" विचारतात. असा माणूस फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकवतो. क्लबातले सगळे त्यांना फौजदार म्हणतात, अर्थात पाठीमागे.

त्याच क्लबात मी मेकॅनिक. नोकरी त्यांनीच लावून दिली आणि पहिल्या दिवसापासून माझ्यावर डोळाही त्यांचाच. टाकी भरली म्हटलं की हे स्वतः पट्टी बुडवून बघणार. वर एक नियम: दुरुस्तीच्या कागदावर ज्याची सही, त्याने पहिल्या उड्डाणाला शेजारी बसायचं. "म्हणजे सही जरा जपून होते," म्हणे. आता यावर माणसाने काय बोलावं?

आमच्या छोट्या विमानाला एक पॅराशूट आहे. माणसाला नव्हे, अख्ख्या विमानाला. डोक्यावरचं लाल हँडल ओढलं की ते वर उडून उघडतं आणि विमान त्याला लोंबकळत खाली येतं. माणसं वाचतात, विमान मात्र बहुतेक मोडतं. म्हणून भले भले पायलट "थांब, जमेल" करत उशीर लावतात. दाजी दर उड्डाणाआधी त्या हँडलला हात लावून मोठ्याने म्हणायचे, "पाचशे फुटांच्या खाली, समोर दिसेल तिथे उतरायचं. पाचशे ते हजार, विचार न करता ओढायचं. हजाराच्या वर विचार."

मी एकदा चेष्टेने विचारलं, "दाजी, इथे कुणावर संशय?"

"माझ्यावर," ते म्हणाले. "वर गेल्यावर मी स्वतःला काहीही पटवीन. म्हणून आकडा खालीच ठरवतो."

त्या सकाळी मी इंधनाचा नवा पंप बसवून सही केली होती, म्हणून शेजारी मीच. आठशे फुटांवर इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं. मी ओरडलो, "दाजी, मागे वळवा! धावपट्टी ही काय मागेच! पंप नवाय, मी आता..." माझं वाक्य संपायच्या आत त्यांनी हँडल ओढलं होतं. धाडकन आवाज झाला, जोराचा हिसका बसला आणि आम्ही हेलकावे खात एका शेतात आदळलो. चाकं गेली, पोट फाटलं, माझी पाठ धरली. उतरल्या उतरल्या मी इंजिनाकडे धावलो, तर दाजींनी दंड पकडला. "हात लावू नकोस. चौकशीवाले उघडतील." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हणजे मी पुरावा लपवणार?

पंप कारखान्यातूनच सदोष आला होता, माझ्या कामात खोट नव्हती, असं चौकशीत निघालं. मग तर माझा पारा आणखी चढला. या गृहस्थांना बायकोच्या भावावर भरवसा नाही, म्हणून धडधाकट विमान मोडलं! क्लबाच्या सेक्रेटरीने मला खुर्ची दिली, चहा दिला. "फौजदार घाबरले हो. तुम्ही सोबत होता, धावपट्टी गाठता आली असती एवढं लिहून द्या." दाजींचं शिकवणं तात्पुरतं थांबवलं होतं. ते कायमचं बंद करायचं की नाही, हे माझ्या कागदावर ठरणार होतं. हा बाबा एवढा गोड का बोलतोय, असं मनात आलं खरं, पण राग मोठा होता. मी लिहिलं, 'गाठता आली असती.' कागद खिशात घातला.

पण पाठीमागून वार नको, म्हणून आधी दाजींना जाऊन तोंडावर सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "चल, मोजून बघू." स्वतः उडवायला त्यांना मनाई नव्हती.

क्लबाचं दुसरं विमान घेऊन आम्ही तीन हजार आठशे फुटांवर गेलो. तीन हजार म्हणजे जमीन असं धरायचं ठरलं. दाजींनी इंजिन अगदी मंद केलं आणि लगेच मागे वळवलं. वळण पुरं झालं तेव्हा उंचीचा काटा तीन हजार चाळीसवर होता.

"बघा!" मी मांडीवर थाप मारली. "पोचलो असतो!"

"आज इंजिन कधी बंद होणार ते ठाऊक होतं," दाजी म्हणाले. "आता पुन्हा. तू त्या दिवशी बोलत होतास ते सगळं शेवटपर्यंत बोल. मी अडवत नाही."

पुन्हा तीन हजार आठशे. इंजिन मंद झालं. "दाजी, मागे वळवा, धावपट्टी ही काय मागेच, पंप नवाय, मी आता पुन्हा सुरू करून बघतो, थांबा, सुरू होईल." दाजी सरळच उडवत राहिले. माझं संपलं, मग त्यांनी वळवलं. वळण पुरं झालं. मी काट्याकडे पाहिलं. दोन हजार आठशे पन्नास.

जमिनीच्या दीडशे फूट खाली! ताईचा नवरा आणि ताईचा भाऊ, दोघेही. खाली उतरताच मी सरळ ऑफिसात गेलो.

सेक्रेटरीसमोर बसून मी नवा कागद लिहिला. 'धावपट्टी गाठता आली नसती. मी मागे वळवा म्हणत होतो. त्यांनी माझं ऐकलं असतं तर हे लिहायला मी नसतो.'

सेक्रेटरीचा चेहरा पडला. "फौजदारांनी पढवलं वाटतं?"

मी सही केली आणि कागद त्याच्या हातात देण्याआधी बाहेर उभ्या असलेल्या दाजींना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "हे तुला कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणी नाही, दाजी," मी म्हणालो, आणि तिथेच, सगळ्या क्लबासमोर, मला रडू फुटलं.