पहिल्या अंकातल्या चपला

त्याच्या मुलीने स्मरणिकेसाठी माझ्याकडे एक पान मागितलं. "काका, बाबांना नाटकात तुम्हीच आणलंत. दोन चांगले शब्द लिहा." त्याला नाटकात मी आणलं नव्हतं. तो आला तेव्हा मला नकोच होता.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात नाटकाचा ग्रुप होता आणि सात वर्षं मुख्य भूमिका मीच करत होतो. तो लेथवर नवीन लागलेला. त्या वर्षी कामगार स्पर्धेच्या नाटकात दारुड्या धाकट्या भावाचं काम मोठं होतं. दिग्दर्शकाने कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर ते त्याला दिलं आणि मला म्हणाला, "तू थोरला भाऊ कर. त्याला नुसतं उभं राहायचंय, ते तुला जमतं." सगळे हसले. तोही हसला, पण माझ्याकडे बघून लगेच थांबला. मला ते थांबणं जास्त लागलं.

दारूचा थेंब त्याने कधी घेतला नव्हता. त्याचा बाप एकलहऱ्याच्या वीज केंद्रात राखेच्या कामावर होता आणि पिऊन पिऊनच मेला. तालमीत आम्ही त्याला झोकांड्या खाऊन दाखवायचो. तो म्हणायचा, "नाय दादा, पिणारा लय जपून चालतो. आपण प्यायलो नाय, हे घरच्यांना दाखवायचं असतं ना त्याला." पहिल्या अंकात तो भिंतीला एक बोट टेकवून आत यायचा, वाकून चपला काढायचा आणि अगदी जोडून ठेवायचा. मग त्या चपलांकडे समाधानाने बघत राहायचा. बस, एवढंच. चहा घेऊन आलेला कॅन्टीनवाला किटली खाली ठेवायचं विसरायचा.

तिसऱ्या अंकात त्याला स्टेजवर तीन ग्लास प्यायचे होते. बाटलीत कोरा चहा असायचा. तो भरायचं काम माझ्याकडे होतं. स्पर्धेच्या दिवशी मी चहा भरला नाही.

पहिल्याच घोटाला त्याला कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी थोरला भाऊ, समोर उभाच होतो. नाट्यगृह भरलेलं, थुंकणार कुठे? त्याने गिळलं. संहितेत तीन ग्लास होते, तीनही घेतले. मग तो खरोखरच्या झोकांड्या खाऊ लागला, वाक्यं गाळू लागला, एकदा तर दाराऐवजी सेटवरच्या खिडकीतून बाहेर गेला. लोक हसले. पडदा पडल्यावर तो बेसिनवर वाकून ओकत होता. "का रे, दादा?" एवढंच विचारलं त्याने. मी म्हणालो, "गंमत केली. मोठा नट ना तू?"

तरीही अभिनयाचं पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. लाजेने तो घरी बसला होता, म्हणून प्रशस्तिपत्र घ्यायला मी गेलो. परीक्षकांमधल्या एका वयस्कर बाईंनी मला बाजूला घेतलं. "त्यांनी चपला जोडून ठेवल्या ना, तिथंच आम्ही बक्षीस ठरवलं. तिसऱ्या अंकात घसरले, थोडक्यात वाचले. एवढं नक्की सांगा त्यांना."

प्रशस्तिपत्र हातात धरून त्याने मला विचारलं, "खरं सांग दादा. हे दारूनं मिळालं का?"

त्याला 'नाही' हे उत्तर हवं होतं. ते माझ्याकडे होतं. मी म्हणालो, "मग कशानं? पहिल्यांदा खरा वाटलास. परीक्षकसुद्धा तेच म्हणाले."

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी पेढे आणले.

पुढच्या प्रयोगाला त्याने बाटली स्वतःच भरली. नंतर मालिका आल्या, दोन-चार सिनेमे आले. दारुडा बाप, दारुडा शिपाई, दारुडा मामा. सेटवर त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. "दारुड्या आला का? बसवा त्याला." तो शॉटच्या आधी घ्यायचा, मग नंतरही. कारखान्यातली नोकरी गेली. शेवटी एका मालिकेत त्याच्या जागी दुसरा नट घेतला. न पिणारा. मला वाटतं, तो जपून चालत असावा. मी घरी बसून हे सगळं बघत होतो आणि शेजाऱ्यांना सांगत होतो, हा आमच्या ग्रुपचा.

या उन्हाळ्यात त्याला बघायला दवाखान्यात गेलो. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. खोलीत आम्ही दोघंच होतो, तेव्हा त्याला त्या परीक्षक बाईंचं वाक्य सांगितलं.

"चपला?"

"हो."

"पहिल्या अंकात तर मी काहीच घेतलं नव्हतं."

"नाही."

तो हसला. खोकला येईपर्यंत हसला. "म्हणजे माझ्या बापानं मिळवून दिलं होतं." मग म्हणाला, "पोरीला सांग हे. तिला वाटतं मी कामासाठी पीत होतो. मीच सांगितलंय तिला तसं."

तेवढ्यात ती शहाळं घेऊन आत आली. "काय सांगायचंय, काका?"

"काही नाही गं. जुन्या नाटकाच्या गप्पा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्या घोटाला पाहिलं होतं, तसंच. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. चौथ्या दिवशी गेला.

पोरी, तुझ्या बाबांना नाटकाला दारू कधीच लागली नाही. ती मी पाजली आणि ती लागते असं मीच सांगितलं. स्मरणिकेत जागा कमी असेल तर यातलं माझं काहीही काप. त्या परीक्षक बाईंचं बोलणं तेवढं पूर्ण छाप. ते त्याच्यासाठी होतं.