म्हशीपर्यंत न पोहोचलेला आवाज

कागलच्या एमआयडीसीत आमची कंपनी वॉकीटॉकी बनवते. तिथं माझं काम म्हणजे बोलणं दाबून लहान करायचं. आवाज सगळाच्या सगळा जात नाही. घशाचा सूर केवढा, तोंडाचा आकार कसा, एवढेच आकडे जातात आणि पलीकडचा संच त्यावरून आवाज पुन्हा घडवतो. माणसाच्या बोलण्यासारखं जे नाही, ते मी कचरा म्हणून काढून टाकते. या कामाचा मला भलताच तोरा होता.

गेल्या वर्षी माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते महिनाभरासाठी कोल्हापुरात माझ्याकडे राहिले. बिद्रीजवळ गावी आई आणि म्हैस, दोघीच. तिसऱ्याच दिवशी आईचा फोन आला.

"म्हस पान्हा सोडंना झालीया. असंच चाललं तर आटंल की!"

अण्णा धारेला बसले की जिभेनं च्-च् असा आवाज करायचे. तो ऐकल्याशिवाय म्हैस दूध देत नसे. मी आईला म्हटलं, फोन तिच्या कानाला लाव. अण्णांनी इकडून अगदी मनापासून च्-च् केलं. तिकडून आई ओरडली, "आवं, बोला की! गप का बसलाय?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोनमध्येही माझाच उद्योग चालू होता. च्-च् म्हणजे बोलणं नव्हे, म्हणून ते गाळलं जात होतं. हे समजावल्यावर अण्णा खवळलेच.

"म्हंजे आवाज कापायचा पगार घेतीस व्हय गं तू?"

माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं. मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून चांगला माईक आणला. दहा मिनिटं च्-च्, मधूनमधून खोकला, "हुबी ऱ्हा गं बाय", सगळं जसंच्या तसं रेकॉर्ड केलं. काही दाबलं नाही, काही गाळलं नाही. ती जड फाईल आईला पाठवली. सकाळी फोन आला, "सोडला बया पान्हा! बादली भरली!" अण्णा दिवसभर ऐटीत होते.

संध्याकाळी मीच फोन लावला. धार कधीच निघाली होती, तरी माझा फोन येईपर्यंत फाईल चालूच होती म्हणे.

"मग फाईल बंद कर की, बॅटरी संपेल."

"असू दे. चुलीपाशी लावून ठेवलीया. घर लई गप वाटतंय."

फोन स्पीकरवर होता, अण्णांनीही ऐकलं. थोडा वेळ ते गुडघाच चोळत बसले.

"उद्या माईक आण परत," ते म्हणाले. "म्हशीसाठी न्हवं."