शेजारणीचे पाहुणे
वीस मे. चारकोपच्या गच्चीवर सुके बोंबील उन्हात घालताना परदेशातली शेजारीण आठवली. तिथे आम्ही नवे होतो. दार कायम लावून घ्यायचं, जिन्यात हळू बोलायचं, सगळं निमूट शिकत होते. एका संध्याकाळी दोनच बोंबील भाजले, तर बाई दारात हजर. माझ्यादेखत चौकटीवर सुगंधी फवारा मारत म्हणाली, "उद्या सकाळी माझ्याकडे पाहुणे येणार आहेत. तेव्हा तरी हे असलं शिजवू नका." नवरा कुजबुजला, "जाऊ दे गं, आपल्याला इथेच राहायचंय ना?" म्हटलं, "म्हणूनच!" दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे पाहुणे जिन्यात दिसताच मी दार सताड उघडलं आणि मनोरीहून आणलेली बोंबलांची अख्खी पिशवी तापल्या तव्यावर रिकामी केली.